वेबसाइटची भाडेपावती कुणाच्या नावावर?

पाडव्याला आठ दिवस राहिले होते आणि लालबागहून आत्याचा फोन आला. "अरे, माझ्या वेबसाइटवर कुणीतरी भलत्याच जाहिराती लावल्यात. गिऱ्हाइकं विचारतायत, धंदा बंद केला का म्हणून."

आत्या शिवलेल्या नऊवारी शिवते. आधी चाळीतल्या खोलीत शिवायची, आता त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर शिवते. गिरगावची शोभायात्रा जवळ आली की तिला जेवायला फुरसत नसते. बुलेटवर बसायचं म्हणजे नेसलेल्या नऊवारीचा भरवसा नाही, म्हणून मुली शिवलेलीच घेतात. वर्षातला हा हंगाम आणि नेमकी तेव्हाच वेबसाइट गेली.

चूक माझी होती. मी मुलुंडला घरी बसून भाषांतराची कामं करतो, त्यामुळे नातेवाइकांत 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' अशी माझी ख्याती आहे. चार वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाकडून मीच तिला ती वेबसाइट करून दिली होती. त्यानं सगळं स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या खात्यात घेतलं. नाव त्याच्या नावावर, जागा त्याच्या नावावर. पुढे त्यानं तो धंदा सोडला, नंबर बदलला. नूतनीकरणाच्या आठवणी त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिल्या आणि तिथेच पडून राहिल्या. मुदत संपली. आम्ही त्याला शोधून काढेपर्यंत चार दिवस गेले.

मुंबईकराला खरं तर हे समजावून सांगावं लागू नये. पागडीच्या खोलीत तीन पिढ्या राहिलेली माणसं पहिला प्रश्न विचारतात: भाडेपावती कुणाच्या नावावर आहे? खोलीला रंग कुणी दिला, पोटमाळा कुणी काढला, याला पावतीपुढे किंमत नाही. वेबसाइटचंही तंतोतंत तसंच आहे, पण तिथे हा प्रश्न विचारायचं आपल्याला सुचत नाही.

तर आधी काय कुणाचं असतं ते पाहू. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, म्हणजे अमुकअमुक डॉट कॉम किंवा डॉट इन. आपण म्हणतो 'डोमेन विकत घेतलं', पण ते कधीच विकत मिळत नाही. वर्षाच्या भाड्यानं मिळतं. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी. भाडं वर्षाला हजार रुपयांच्या आसपास. पहिल्या वर्षी 99 रुपयांत देतो म्हणणाऱ्यांचा दुसऱ्या वर्षाचा दर आधी वाचा, खरी किंमत तीच. मुदत संपली तर नाव लगेच जात नाही. डॉट कॉमच्या बाबतीत बहुतेक रजिस्ट्रार, म्हणजे नावं भाड्यानं देणाऱ्या कंपन्या, काही आठवडे नेहमीच्या फीमध्ये नूतनीकरण करू देतात. त्यानंतर 30 दिवस असे असतात की नाव परत मिळतं, पण दंडासारखी जबर फी भरून. मग 5 दिवस कुलूप आणि नंतर ते नाव कुणीही घ्यावं. आमचं पहिल्याच टप्प्यात निभावलं. मधल्या काळात रजिस्ट्रार त्या पत्त्यावर स्वतःच्या जाहिराती दाखवतो. आत्याच्या गिऱ्हाइकांनी पाहिल्या त्या याच.

होस्टिंग म्हणजे जिथे आपली पानं, फोटो साठवलेले असतात तो कॉम्प्युटर. तीही भाड्याची जागा. लहान वेबसाइटला वर्षाला दोन-पाच हजारांची पुरते. पत्त्यापुढे कुलपाचं चिन्ह दाखवणारं एसएसएल प्रमाणपत्र मोफत मिळतं, त्याचे वेगळे दोन-तीन हजार कुणी लावत असेल तर कारण विचारा. पानं मांडायला वर्डप्रेस आहे. ते 2003 पासून आहे, फुकट आहे आणि जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. त्यामुळे एक डेव्हलपर गेला तर दुसरा मिळतो, हा त्याचा आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोठा गुण.

म्हणून काम दुसऱ्याकडून करून घ्या, जरूर घ्या, पण डोमेनचं आणि होस्टिंगचं खातं आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाइल नंबरवर उघडा. पैसे आपल्या कार्डावरून किंवा यूपीआयवरून भरा. करणाऱ्याला आत येण्यापुरता वेगळा प्रवेश द्या आणि काम संपल्यावर काढून घ्या. आधीच दुसऱ्याच्या खात्यात असेल तर गोडीगुलाबीनं त्याच्याकडून ट्रान्सफरचा ऑथ कोड, म्हणजे नाव दुसरीकडे हलवायला लागणारा गुप्त कोड, मागून घ्या. भांडण झाल्यावर मागायची ही गोष्ट नाही.

"मग एवढी कटकट कशाला? इन्स्टाग्राम आहे की," असं आत्याची सून म्हणाली. खरं आहे, इन्स्टाग्रामवर गर्दी आहे. दादर स्टेशनबाहेर पथारी लावली तर तिथेही गर्दी असते. पण पालिकेची गाडी कधी येईल आणि माल कधी उचलेल, हे पथारीवाल्याच्या हातात नसतं. खातं बंद झालं, हॅक झालं किंवा आज हजार जणांना दिसणारी पोस्ट उद्यापासून साठ जणांना दिसू लागली, तर दाद कुणाकडे मागणार? पथारी लावावी, मीही लावतो, पण पिशवीवर पत्ता गाळ्याचा छापावा.

आता पैशांकडे येतो. 'वेबसाइटमधून घरबसल्या कमाई' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जाहिराती येतात: आपण लिहायचं, गूगलच्या ॲडसेन्सनं जाहिराती लावायच्या, महिन्याला खात्यात पैसे. ही वाट खोटी नाही. ॲडसेन्स 2003 पासून आहे आणि मराठी मजकुरालाही चालतं. कमाई 10 डॉलर झाली की पत्ता तपासायला पोस्टानं एक पिन येतो, आणि 100 डॉलर साठल्याशिवाय पैसे बाहेर येत नाहीत. प्रश्न आहे तो किती माणसं लागतात याचा.

कागद घ्या आणि हिशोब मांडा. हजार वेळा पान उघडलं गेलं की 60 रुपये मिळतात असं आपण नुसतं गृहीत धरू. विषय, हंगाम आणि वाचणारा कुठल्या देशातला आहे यावर हा आकडा वरखाली होतो, पण हिशोबाची रीत तीच. महिन्याला 25 हजार हवे असतील तर 25,000 भागिले 60, गुणिले 1,000: म्हणजे पानं चार लाखांहून जास्त वेळा उघडली गेली पाहिजेत. दर महिन्याला. एकट्या माणसानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून.

दुसऱ्या बाजूला आत्याचा हिशोब. एका नऊवारीची शिलाई 1,250 धरा. 20 साड्या झाल्या की तेच 25 हजार. आणि शोधत शोधत आलेल्या शंभरातल्या दोघींनी जरी शिवायला टाकली, तरी महिन्याला हजार माणसं पुरतात. चार लाख आणि एक हजार यांत जे अंतर आहे, तेवढ्यासाठी हा लेख लिहायला घेतला. वेबसाइट स्वतः कमावत नाही. हातात असलेल्या कामाला ती गिऱ्हाईक आणून देते. काम नसेल तर आधी काम शोधा, वेबसाइट कुठे पळून जात नाही.

शिवाय जाहिरातींवर जगणाऱ्या माहितीच्या पानांचं आणखी एक दुखणं आहे. ऑगस्ट 2024 पासून भारतात गूगल शोधाच्या निकालांवरच एआयनं तयार केलेलं उत्तर दाखवू लागलं. 'नऊवारी म्हणजे किती मीटर' याचं उत्तर तिथेच वाचून माणूस निघून जातो, तुमच्या पानावर येतच नाही. पण 'लालबाग-परळला नऊवारी शिवून कोण देतं' असं विचारणाऱ्याला कितीही छान उत्तर दिलं तरी शेवटी शिंपीण लागतेच. दुसऱ्यांच्या वस्तू सुचवून मिळणाऱ्या कमिशनचा प्रकार मी आत्यासाठी विचारातच घेतला नाही. त्यालाही जाहिरातींसारखीच मोठी गर्दी लागते.

गिऱ्हाईक शोधतं कसं, यात खरी गंमत आहे आणि मराठीत ती अंमळ जास्तच आहे. आपण वेबसाइटवर लिहिलं 'नऊवारी'. कुणी शोधतं 'नववारी', कुणी 'नौवारी', आणि पुष्कळ जण रोमन अक्षरांत मराठी टाइप करतात, त्याचं स्पेलिंग ज्याच्या त्याच्या मर्जीनं. गूगलला यातलं बरंचसं कळतं, सगळं कळत नाही. मजकुरात ही रूपं ओघात एकदा तरी येऊ द्यावीत. शुद्धलेखनाचा आग्रह धरणारा माणूस आहे मी, हे करताना जीव तुटला, पण शोधणाऱ्या बाईची वही तपासायला आपण बसलेलो नाही.

तिनं काय टाइप केलं हे पाहायलाही मिळतं. गूगलचं सर्च कन्सोल नावाचं मोफत साधन आहे. आपलं पान कुठल्या शब्दांवर दिसलं आणि किती जणांनी उघडलं, याची यादी त्यात येते. आत्याच्या यादीत आम्हाला एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसला: सहावारी साडीची नऊवारी शिवता येते का? येते. तिच्याकडे येणाऱ्या निम्म्या साड्या सहावारीच असतात. पण वेबसाइटवर हे वाक्य कुठेच नव्हतं, कारण आत्याच्या मते 'एवढं काय सांगायचं त्यात'. घरून काम करणाऱ्या सगळ्यांचाच हा आजार आहे. जे आपल्याला रोजचं आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसतं, हे लक्षात येत नाही. त्या एका प्रश्नावर पान केलं. दुसरं पान मापं कशी घ्यायची याचं: कंबर, सीट, कंबरेपासून टाचेपर्यंतची उंची, टेप कुठे धरायचा त्याचे फोटो. तिसरं पान पेशवाई, ब्राह्मणी आणि मस्तानी यांत फरक काय, काष्टा कसा बसतो, कुठली कशाला शोभते. पुण्या-नाशिकच्या बायका फोनवर मापं देऊ लागल्या त्या या पानांमुळे. दिसायला सुंदर, सरकत्या चित्रांचं पहिलं पान त्या ओळखीच्या मुलानं केलं होतं. त्यानं एकही गिऱ्हाईक आणलं नाही.

फॉन्टचं एक जुनं झेंगट इथे सांगून ठेवतो. गिरगाव-दादरकडच्या प्रेसमध्ये पत्रिका, पत्रकं अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप होतात. तो मजकूर उचलून वेबसाइटवर चिकटवला तर तो फॉन्ट नसलेल्या फोनवर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो, आणि गूगललाही तो चिवडाच दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये हवा. फोनवर आपण टाइप करतो ते युनिकोडच, त्यामुळे नव्यानं फोनवर लिहिलं तरी चालेल. जाहिरातीचं पोस्टर चित्र म्हणून चढवून 'माहिती टाकली' असं समजू नका. चित्रातल्या अक्षरांवर विसंबून पान शोधात वर येत नाही. देवनागरीतलं डॉट भारत हे नाव 2014 पासून मिळतं. हौसेला छान आहे, पण एकमेव पत्ता म्हणून मी घेणार नाही. हा पत्ता कॉपी करून पाठवताना कधी कधी 'एक्सएन' अशा अक्षरांनी सुरू होणारं भेंडोळं होतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं व्हायरस आला.

वेळेचंही पाहा. नवं पान गूगलच्या नोंदीत यायला काही दिवस ते काही आठवडे, आणि वर सरकायला महिने लागतात. पाडव्यासाठीचं पान फेब्रुवारीत टाकलं तर त्याचा उपयोग पुढच्या पाडव्याला. आत्या फराळाच्या आधी पाडव्याचं पान लिहून मोकळी होते, गणपतीचं उन्हाळ्यात. गूगल मॅपवर धंद्याची नोंद फुकट करता येते आणि घराचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात काम करतो ते दाखवता येतं. एकट्या बाईनं घरून धंदा करताना हे जरूर करावं. टॉवरमधला वॉचमन आणि सोसायटीचे सेक्रेटरी या दोघांचाही त्रास वाचतो.

आता 'नियमित' या शब्दाकडे. हंगामात 40 साड्या आणि आषाढात शून्य, ही कमाई झाली पण तिला नियमित म्हणता येणार नाही, आणि घरभाडं काही हंगाम बघून येत नाही. मुंबईच्या खानावळींनी हे केव्हाच ओळखलं होतं: रोजच्या ताटापेक्षा महिन्याच्या डब्यावर चूल चालते. प्रत्येक धंद्यात हा 'महिन्याचा डबा' शोधावा लागतो. आत्याला तो नृत्याच्या क्लासमध्ये सापडला. लावणी, मंगळागौर, शाळांची स्नेहसंमेलनं यांना एकसारख्या दहा-बारा नऊवारी लागतात, आणि विकत नको असतात. तिनं तयार साड्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. वेबसाइटवर त्याचं एक पान, मापांसकट आणि दरांसकट. दर लिहावा की नाही यावर आमचा वाद झाला. "आकडा बघून पळतील," ती म्हणाली. पळणारे फोन करूनही पळतातच, फक्त आपली पंधरा मिनिटं घेऊन.

आणि गिऱ्हाइकांची यादी. नाव, नंबर, माप, मागच्या खेपेला काय शिवलं. आत्याच्या वहीत ती वर्षानुवर्षं होतीच. आम्ही ती कॉम्प्युटरवर चढवली आणि एक प्रत वेगळी ठेवली. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 पर्यंतच माणसं बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मापं देताना 'हंगामाच्या आधी कळवू का' असं विचारून घ्यायचं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानंही लोकांची माहिती त्यांच्या संमतीनं वापरायला सांगितलं आहे, पण कायदा नसता तरी न विचारता पाठवलेला मेसेज कुणाला आवडतो?

पैसे घेण्याचं फार अवघड नाही. थेट यूपीआयवर आले तर काही कापलं जात नाही. वेबसाइटवर पेमेंट गेटवे, म्हणजे कार्डानं वगैरे पैसे घेऊन देणारी सेवा, लावला तर साधारण 2 टक्के फी आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी: 3,000 च्या ऑर्डरवर 70 रुपये 80 पैसे, आणि पैसे खात्यात दोनेक दिवसांनी. शिवाय गेटवेवाले परतीचे नियम, गोपनीयतेचं धोरण, संपर्क अशी पानं आधी मागतात. महिन्याला 20 ऑर्डरना गेटवेची गरज नाही, क्यूआर पुरे.

जीएसटीत मात्र एक खाच आहे, ती नीट समजून घ्या. सेवेसाठी महाराष्ट्रात वर्षाच्या 20 लाख उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. गिऱ्हाईक इंदूरचं असलं तरी. वस्तूंसाठी ही मर्यादा 40 लाख आहे, पण ती राज्यातल्या राज्यात विकलं तर. राज्याबाहेर वस्तू विकली की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना तेवढी सूट आहे. म्हणजे इंदूरच्या बाईनं स्वतःची साडी पाठवली आणि आत्यानं शिवून दिली, तर ती सेवा. आत्यानंच साडी आणून, शिवून, तयार नऊवारी इंदूरला विकली, तर ती वस्तू. काम तेच, मशीन तेच, कायदा वेगळा. वेबसाइट असली की राज्याबाहेरचं गिऱ्हाईक येतंच, म्हणून 'भारतभर पाठवतो' असं लिहिण्याआधी सीएला एकदा विचारा. आत्यानं तूर्त राज्याबाहेरच्यांसाठी 'साडी तुमची, शिलाई आमची' असं ठेवलंय.

आयकरात लहान धंद्याला अंदाजित नफ्याची सोय आहे: बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या जमेवर किमान 6 टक्के आणि रोखीवर 8 टक्के नफा धरून कर मोजता येतो. कमिशनच्या कमाईला ती सोय नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. हुबेहूब दिसणाऱ्या, फी मागणाऱ्या वेबसाइटवर चालतो तो धंदा दुसऱ्याचा. खाण्याचे पदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी आधी.

लोकलच्या डब्यात दाराशी चिकटवलेले 'घरबसल्या रोज दोन हजार' वाले कागद सगळ्यांनी पाहिलेत. त्यांचीच नवी आवृत्ती टेलिग्रामवर असते: व्हिडिओ लाइक करा, रेटिंग द्या, आधी थोडे पैसे मिळतात, मग मोठं काम हवं तर पैसे भरा. तयार 'कमावती वेबसाइट' विकणारेही भेटतील. कमावती आहे तर विकतोय कशाला, एवढं विचारा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

पाडव्याच्या त्या चार दिवसांत किती साड्या गेल्या हे आत्यानं मला अजून सांगितलेलं नाही. डोमेन तिच्या नावावर झालं, तीन वर्षांचं भाडं एकदम भरलं, आपोआप नूतनीकरणही चालू केलं. तरी तिचा त्यावर विश्वास नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मार्चच्या पानावर तिनं लाल पेनानं गोल केला: 'वेबसाइटचं भाडं'. शेजारी दूधवाल्याचा हिशोब, आणि त्याच्याखाली, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, पासवर्ड. तो मी खोडायला लावला. नवा बदलून दिला, लॉगिनला तिच्या मोबाइलवर ओटीपी लावला. परवा गेलो तेव्हा पाहिलं, नवा पासवर्ड एप्रिलच्या पानावर होता.